फाट्यापर्यंतची जागा

शनिवारी सकाळी इम्रान दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी पेपरातलं राशिभविष्य वाचत होतो. त्याच्या पायात चप्पल नव्हती. "काका, अब्बा गेले. पहाटे, झोपेतच," एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकला. मी त्याला बस म्हणालो नाही, पाणी विचारलं नाही. "थांब, शर्ट घालतो," म्हणालो आणि आत गेलो. दोरीवर चार शर्ट होते. चारही आकाशी चौकडीचे, चारही त्याच्या बापानं, बशीरनं शिवलेले. त्यानंच शिवलेला शर्ट घालून त्याच्याच मयताला जायचं... मला गुंड्या लावता येईनात. बोटं नुसती काजांवरून घसरत राहिली. शेवटी इम्राननं लावल्या. बाप गेलेला पोरगा माझ्या गुंड्या लावत होता आणि मी लहान मुलासारखा हात बाजूला धरून उभा होतो.

बशीर आणि मी पहिलीपासून एका बाकावर. पुढं मी शाळेतच क्लार्क झालो, तो कर्जतच्या स्टँडजवळच्या दुकानात बापाच्या मशिनवर बसला. दहा बाय आठचं दुकान, एक स्टूल, एक मशीन, गळ्यात टेप. चाळीस वर्षं तो त्या स्टुलावरून हलला नाही. तालुक्यातली माणसं तो चेहऱ्यावरून नाही, खांद्यावरून ओळखायचा. कुणी दारात पाठमोरं उभं राहिलं तरी आतून नावानं हाक यायची. रोज संध्याकाळी पाच वाजता मी दुकानाबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसायचो. सात वाजता उठायचो. बायको गेल्यावर तर या दोन तासांसाठीच बाकीचे बावीस तास काढायचो म्हणा ना.

माझा स्वभाव आधीपासून असा. एकदा जे बसलं ते बसलं. शर्टाला कापड आकाशी चौकडीचंच हवं. एकदा ते मिळेनासं झालं तर मी इतकी कुरकुर केली की बशीर नगरला जाऊन कापडपेठेतून अख्खा तागाच घेऊन आला. "घे बाबा, आता मरस्तोवर पुरंल तुला. गिऱ्हाईक न्हाईस तू, युनिफॉर्म हायेस," म्हणाला. मुलगा पुण्याहून फोनवर सांगायचा, बाबा, जरा कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा. ते काय असतं म्हणून बशीरनं विचारलं. मी जमेल तसं समजावलं. त्यानं क्षणभर मशीन थांबवलं. "म्हंजी माझं स्टूल," म्हणाला, आणि पुन्हा पाय मारायला लागला.

पण तो उठला. मी नाही.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि इम्राननं मशीन ताब्यात घेतलं. "अब्बा, तुमी आता आराम करा." आराम म्हणजे काय करायचं हे बशीरला ठाऊक नव्हतं. आठवडाभर तो माझ्या शेजारी बाकड्यावर बसून स्वतःच्याच मशिनचा आवाज ऐकत राहिला. मग एका गुरुवारी तो नगरला डोळे दाखवायला निघाला. पाटी बघून गाडीत बसला. ड्रायव्हरनं आधीच्या खेपेची पाटी काढलीच नव्हती, हे आपल्याकडं नेहमीचंच. गाडी निघाल्यावर कंडक्टर म्हणाला, "चाचा, ही जामखेडला चाललीय. फाट्यावर उतरा, मागची धरा." दुसरा कुणीही उतरला असता. मी तर भांडून उतरलो असतो. गावाबाहेरचा, सगळ्याच गाड्यांच्या वाटेवरचा फाटा आला, गाडी थांबली, कंडक्टरनं दार उघडलं... आणि बशीर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. जामखेडच द्या."

त्या दिवशी संध्याकाळी तो परत आला ती चाल मी अजून विसरलेलो नाही. पासष्टी उलटलेला माणूस, डोळ्यावर हिरवा-काळा चष्मा, आणि चालतोय असा की जणू शाळा सुटलीय. घरी हमीदाभाभींनी चांगलंच फैलावर घेतलं होतं, डॉक्टर सोडून कुठं उंडारत होता म्हणून. त्याचं कशाकडं लक्ष नव्हतं. "दत्त्या, जामखेडच्या स्टँडवर उतरलो अन् पाय लटपटाया लागले. वळखीचं एक मानूस न्हाई. कोनाचा खांदा ठावा न्हाई. वाटलं, हितंच पडलो तर कोन उचलंल? छाती अशी धडधडली..."

"मग लगेच परत फिरायचं की."

"आरं, लग्नाच्या दिशी धडधडली हुती, त्याच्यानंतर आज. मधी काय बंद हुती का काय, कोनास ठावं."

तेव्हापासून दर गुरुवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, त्याचा नेम ठरला. सकाळी स्टँडवर जायचं, पहिली लागेल त्या गाडीत पाटी न वाचता बसायचं, गाडी जाईल तिथं जायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. खिशात सुई-दोरा. सोनईला कुठल्याशा शाळेच्या गॅदरिंगमध्ये घुसला आणि आजी-आजोबांच्या संगीत खुर्चीत दुसरा आला. आयुष्यभर बसून राहिलेला माणूस खुर्चीसाठी पळाला! शेवटची खुर्ची एका आजीला सोडली असं म्हणाला, पण मला वाटतं खरोखर हरलाच असेल. कोपरगावला गोदावरीच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसला आणि एका परक्या बाईच्या पिशवीचा तुटलेला बंद शिवून दिला. शुक्रवारी पाच वाजता हे सगळं मला साग्रसंगीत ऐकवायचा. मी हसायचो, नावं ठेवायचो, आणि आतून... आता लिहायला हरकत नाही, आतून जळायचो.

दर बुधवारी निघताना तो विचारायचा, "उद्या येतोस?" माझं उत्तर तयार असायचं, "गुरुवारी माझा दत्ताचा उपास."

"केळी काय कर्जतातच पिकत्यात व्हय? हर स्टँडवर गाडा असतोय."

"प्रवासात मला सोसत नाही."

"बरं." तो कधी चिडला नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा विचारायचा.

एकदा गेलो. खरंच गेलो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर, त्यानं फारच धरलं म्हणून. बाराव्या मिनिटाला माझा जीव घाबरा झाला. गाडी कुठं चाललीय हे माहीत नसताना तिच्यात बसून राहणं हे ज्याला जमतं त्याला जमो. फाट्यावर गाडी थांबली आणि मी एकदम उठलो. "बशीर, माझा गॅस चालू राहिलाय वाटतं." त्यानं माझ्याकडं पाहिलं. सहा वर्षांचा असल्यापासून तो माझं खोटं ओळखत आलाय. "जा मग," म्हणाला. मी उतरलो. गाडी गेली. खिडकीतून त्याचा हात थोडा वेळ दिसला. मी एका टेम्पोत बसून गावात परत आलो, घर उघडलं, गॅस बंद होता. अर्थातच बंद होता, त्या दिवशी मी तो पेटवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "बंद हुता ना गॅस?" मी हो म्हणालो. "बरं झालं," म्हणाला. माझ्या शर्टावरून, चष्म्यावरून, जेवणावरून माझी टर उडवणारा माणूस त्या गॅसवरून मला कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

शेवटच्या बुधवारीही तेच. पाच ते सात. थोडा थकल्यासारखा वाटला, मी विचारलं तर म्हणाला, ऊन लागलंय. उठताना म्हणाला, "उद्या येतोस?"

"उपास," मी म्हणालो. तोंड वर करून त्याच्याकडं पाहिलंही नाही, चपलेचा अंगठा बसत नव्हता. शुक्रवारी माझं डोकं दुखत होतं म्हणून दुकानाकडं गेलो नाही. आणि शनिवारी इम्रान दारात.

कबरस्तानात मी तीन मुठी माती दिली. लोक कुजबुजले नाहीत, सगळ्यांना माहीत होतं कोण कोणाचा. मग सुरू झाले ते दिवस. पाच वाजले की पाय आपोआप चपलेत जायचे. दुकान उघडं असायचं, इम्रान मशिनवर, बाकडं तिथंच. पोरगा गुणी आहे, रोज म्हणायचा, काका बसा. मी बसून पाहिलं. पाठीमागून तोच मशिनचा आवाज, शेजारी कुणी नाही... दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या गल्लीनं जायला लागलो. घरी टीव्ही लावून बसायचो. मुलगा म्हणाला पुण्याला या. गावात मला साहेब म्हणतात, काका म्हणतात, पोरं आजोबा म्हणतात. दत्त्या म्हणणारं आता जगात कुणी नाही. हे मला एकदा आंघोळ करताना कळलं आणि तांब्या हातात तसाच राहिला.

बशीरचा चाळीसावा दिवस झाला. त्यानंतरच्या गुरुवारी घरात बसवेना म्हणून मी सकाळी स्टँडवर गेलो. कुठं जायला नाही, नुसतं बघायला. बाकावर बसलो होतो. खाकी कपड्यातली एक कंडक्टरबाई तिकिटाचं मशीन सावरत पुढं गेली, थांबली, मागं आली आणि माझ्या तोंडाकडं नाही, शर्टाकडं बघत राहिली.

"बाबा, तुम्ही दत्तूकाका का? बशीरचाचांचे दोस्त?"

मी म्हणालो, "हो. तुम्हाला कसं कळलं?"

"ह्या कापडावरून. ह्याच चौकडीचा रुमाल असायचा त्यांच्याकडं. गुरुवारी सकाळची पहिली गाडी बहुतेक माझीच असते, कधी इकडची, कधी तिकडची. खिडकीत स्वतः बसायचे अन् शेजारच्या सीटवर रुमाल टाकायचे. गाडीत मुंगीला जागा नसली तरी कुणाला बसू द्यायचे नाहीत. म्हणायचे, माझा दोस्त यायचाय. लोक लई बोलायचे त्यांना. मीपण बोललेय, खोटं कशाला सांगू. तर म्हणायचे, ताई, फक्त फाट्यापर्यंत. तो फाट्यावर उतरलाय, तिथंच चढंल. फाटा गेला की स्वतःच रुमाल उचलायचे अन् उभ्या माणसाला म्हणायचे, बसा आता."

रुमाल टाकून जागा धरणं ही आपल्या एसटीतली जुनीच रीत. मीही लोकांशी त्यावरून भांडलोय. पण माझ्याच शर्टाच्या उरलेल्या तुकड्याचा रुमाल शिवून हा माणूस वर्षभर दर गुरुवारी माझ्यासाठी जागा धरत होता आणि लोकांची बोलणी खात होता... आणि मी घरी केळी सोलत होतो.

"शेवटच्या टायमाला रुमाल उचलायचा राहिलाच त्यांचा," ती म्हणाली. "गाडी रिकामी होती, कुणी मागितली नाही सीट. ते उतरल्यावर मला सापडला. म्हटलं पुढच्या गुरुवारी देऊ. अन् मग कळलं, चाचा गेले." तिनं खांद्यावरच्या पिशवीतून रुमाल काढून दिला. चारी बाजूंनी दुमडून बारीक टीप मारलेली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी मारलेली होती, एका कोपऱ्यात शिवण जराशी वाकडी गेली होती. बशीरची शिवण वाकडी गेलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"येता का?" तिनं विचारलं. "निघायचंय."

मी पाटीकडं बघायला मान वर केली होती. ती खाली घातली आणि चढलो. खिडकीत बसलो, शेजारी रुमाल टाकला. गाडी भरत गेली. माझी छाती इतक्या जोरात धडधडत होती की वाटलं, पुढच्या सीटवरच्या माणसालाही ऐकू जाईल. बशीरनं सांगितलेलं ते हेच असावं. किती तरी वर्षांनी मला माझ्याच छातीचा आवाज येत होता, आणि तो ज्याला सांगायचा तो नव्हता. डोक्यावर टोपी, हातात डबा घेतलेले एक म्हातारे गृहस्थ सीटपाशी येऊन थांबले.

"कोनी हाय का हितं?"

"हो... माझा दोस्त यायचाय," मी म्हणालो. "फक्त फाट्यापर्यंत थांबा."

ते दांडा धरून उभे राहिले. गाव मागं पडलं. फाटा आला, गाडी थांबली. दार उघडलं. दोन बाया उतरल्या. चढलं कुणी नाही. कंडक्टरताईनं घंटीच्या दोरीला हात घातला होता, पण ओढली नाही, माझ्याकडं बघत उभी राहिली. मी खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. मग रुमाल उचलला, त्याची घडी घातली आणि त्या म्हाताऱ्यांना म्हणालो, "बसा आता."