यादीत नसलेला सूर

९ फेब्रुवारी १९६१, दुपारी सव्वातीन. रसायनशास्त्र शिकवायला महाडच्या शाळेत आलेली मी त्या दिवशी मराठीच्या शिक्षकांच्या जागी तास घेत होते. भाषेचा सूर सांगणारे वीस शब्द प्रयोगशाळेच्या शिस्तीने फळ्यावर मांडले आणि धड्यातले आईचे पत्र वाचले: “इकडे सर्व ठीक आहे. काळजी करू नकोस.”

“सूर कोणता?”

“घाबरलेला हाय, बाई,” तुडील गावाहून येणारी सुमन म्हणाली.

“यादीत बघ. शांत.”

“शांत नाय तो. धाकटी तापली तवा आयनं बाबांना मुंबईला असंच लिवायला लावलं मला.”

वर्ग हसला. सुमनने पुन्हा कधी हात वर केला नाही.

आज, इतक्या वर्षांनी, माझ्या आईचे पत्र आले. तीच दोन वाक्ये. मी तातडीने पिशवी भरली. निघताना जुनी गुणवही उघडली. ९ फेब्रुवारी, सुमन, मराठी तोंडी: पाचपैकी शून्य.