मंजुषाची जाळी

मंजुषा पगारे डिप्लोमावाली ड्राफ्ट्समन. नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तिनं सतरा वर्षं काढली. इमारतीच्या फोटोखाली नाव सरांचं लागे, याचं तिला काही वाटत नसे. सगळीकडे तसंच असतं.

वाटलं ते विटांच्या एका जाळीचं. नऊ वर्षांपूर्वी सासू, चांगुणाबाई, अंथरुणाला खिळल्या तेव्हा मंजुषानं दीड महिना बिनपगारी रजा घेतली होती. पश्चिमेचं ऊन थेट म्हातारीच्या तोंडावर यायचं. पडदा ओढला की जीव घुसमटायचा. उशाशी बसून मंजुषा बटर पेपरवर पेन्सिलीनं विटा मांडत राहिली. कुठली तिरकी, कुठली उभी, किती आत. ऊन अडेल आणि वारा येईल अशी भिंत कागदावर उभी राहिली.

"माझ्यासाठी बांधतीस का गं?" चांगुणाबाई विचारायच्या. बांधायच्या आधीच त्या गेल्या.

कामावर परतल्यावर तिनं ते कागद सरांना दाखवले. सर बराच वेळ बघत राहिले. "कॉम्प्युटरवर घे," म्हणाले. तिनं घेतलं आणि मूळ कागद फाडून टाकले. ऑफिसचा शिरस्ताच होता तो. कच्चा कागद चुकून साइटवर गेला तर गवंडी त्यावरूनच बांधून मोकळा होतो. नव्या पोरींनाही ती हेच शिकवायची.

जाळी एका होस्टेलला लागली, मग दोन बंगल्यांना. सरांची जाळी म्हणून शहरात नाव झालं. मंजुषानं शेवटी नोकरी सोडली. तिचं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे त्यांच्याच कॉलनीतली, विहाराशेजारची अभ्यासिका. पश्चिमेला तिनं आपली जाळी घातली. भिंत छातीपर्यंत चढली आणि सरांच्या वकिलाची नोटीस आली. एक तिला, एक विहार कमिटीला.

"नोकरीत केलेलं काम मालकाचं, वेगळा करार नसेल तर," मंजुषानं गाठलेल्या वकील अंजलीताई म्हणाल्या. "तुम्ही रजेवर, घरी, घरच्यासाठी केलंत. मग तुमचं. पण दाखवा काहीतरी. तेव्हाचा कागद, फोटो, मेसेज."

"कागद फाडले."

"कोणी?"

"मीच."

अंजलीताईंनी पेनाला टोपण लावलं.

नवरा राकेश म्हणाला, "मी सांगतो ना कोर्टात! माझ्या डोळ्यांदेखत काढलीस." पण ऑफिसात तारीखवार फाइल होती; त्या फाइलपुढे नवऱ्याचा शब्द किती टिकणार?

तिनं सरांना फोन लावला. "सर, ती कुठं काढली, तुम्हाला माहितीये."

"माहितीये की. पण उद्या प्रत्येक जण म्हणेल मी घरी काढलं. मी ऑफिस चालवू कसं?"

कमिटीच्या बैठकीत सचिव धम्मपालनं तिच्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली. "ताई, तुमच्यावर विश्वास आहे. पण कोर्टाचं लचांड विहाराला नको. लोक म्हणतील, ह्यांनी चोरीचं बांधलं."

"आणि मला चोर म्हणाले तर चालेल?"

पाणी आणायला उठलेली बाई दारातच थांबली.

मंजुषानं लिहून दिलं: ही रचना ऑफिसची आहे, मी ती पुन्हा वापरणार नाही. मग सरळ भिंतीचं नवं ड्रॉइंग घेऊन साइटवर गेली.

गवंडी जयरामनं कागद उलटसुलट केला. "पाडायची? एवढी देखणी चढलीय! तिकडं जाऊन बसा बरं दुपारी, गार वाटतं."

"पाड."

"मग एक सांगू का बाई? सिन्नरला मेव्हण्याचं घर चाललंय. तिथं घालतो. कोणाच्या बापाला कळतंय?"

"नको," ती म्हणाली. "ती माझी नाही, जयराम."

हे वाक्य तिनं कागदावर सही करून दिलं होतं, तोंडानं मात्र पहिल्यांदाच म्हटलं. जयरामनं छिन्नी लावली. निम्म्या विटा फुटल्या, निम्म्या सरळ भिंतीत लागल्या.