काठीपुरती वाट

पदवी हातात पडली त्या वर्षी पुण्यात एका वयस्कर इंजिनिअरांच्या कचेरीत मला नोकरी लागली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. तालुक्याच्या गावातल्या पत्र्याच्या शाळेत शिकलेल्या मला साहेबांनी खिडकीजवळचं टेबल आणि नकाशे आखायचा स्वतःचा जुना टी-स्क्वेअर दिला. त्या दिवशी मी घरी पाठवलेल्या पत्रात पगाराचं लिहायचंच विसरलो, टेबलाबद्दलच लिहिलं.

सुरुवातीला मी इतरांच्या नकाशांच्या प्रती काढत असे. मग एक दिवस साहेबांनी चाकणच्या हॉटेलाचं काम माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे तू कर." माझं स्वतःचं असं ते पहिलं काम.

तेव्हाचं चाकण म्हणजे कांद्याची पेठ. कारखाने वगैरे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. नाशिक रस्त्यावर एस. टी. थांबायची, तिथूनच पेठेची गल्ली आत वळायची, आणि त्या वळणाच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या आडोशाला एक चहाचं हॉटेल होतं. चालवणारे नवरा-बायको जुन्नरकडून आलेले. बाजाराच्या दिवशी लांबून आलेल्या व्यापाऱ्यांची शेवटची एस. टी. चुकली की ते याच पत्र्याखाली बाकांवर आडवे व्हायचे. त्यांना पाहून हॉटेलवाल्यांच्या मनात आलं, की इथे पक्की इमारत बांधावी, खाली हॉटेल, वर खोल्या. कोपऱ्याची जागा द्यायला जागामालक तयार होता, पण त्याची एक अट होती. अक्षय्य तृतीयेच्या आत पंचायतीची परवानगी आणून पाया खोदायला घेतला तर ठीक, नाही तर जागा एका खतवाल्या दुकानदाराला जाईल. म्हणजे पत्राही जाणार आणि इतक्या वर्षांत जोडलेली गिऱ्हाइकंही.

मी मन लावून नकाशा केला. खाली बसायची जागा, मागे भट्टी आणि कोठार. वर पाच खोल्या. आणि वरच्या मजल्याला दोन्ही बाजूंनी, रस्त्यावरून आणि गल्लीवरून, सलग फिरणारी लाकडी गॅलरी. कोपऱ्यावर ती गोल वळत होती. त्या वळणावर माझा फार जीव होता. तिथे तुळया कशा बसवायच्या हे मला नीट सुटलेलं नव्हतं, पण कागदावर ते वळण इतकं देखणं दिसायचं, की सुटेलच असं मी धरून चाललो होतो.

पंचायत चावडीत बसली. मी निळा नकाशा सतरंजीवर पसरला आणि कॉलेजात शिकलो तसं समजावून सांगायला लागलो. नकाशा हातोहात फिरला. कुणी तो उलटा धरला, कुणी उजेडाकडे धरून पाहिला. एक पंच म्हणाले, "आभाळ दिसतंय सगळं. हाटेल कुठं हाय ह्यात?" सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्यांना वेगळीच शंका होती. पाव्हणा आला तर तो कुणाच्या तरी घरी झोपतो, पैसे देऊन कोण झोपणार? त्यावर तिसऱ्यांनी त्यांना त्यांच्याच व्याह्यांची आठवण करून दिली, की गेल्या जत्रेला आले ते आठ दिवस हलले नाहीत. तेव्हा अशी खोली असती तर तूच पैसे भरले असतेस. मग पुन्हा हशा.

सरपंच मात्र हसले नाहीत. ते वयाने मोठे, बोलायला सावकाश. जे कळलं नाही त्यावर सही करणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. माझ्या मागे बसलेल्या हॉटेलवाल्यांचा श्वास मला ऐकू आला. तृतीया जवळ आली होती. पण सरपंचांचं बोलणं संपलेलं नव्हतं. ते म्हणाले, "कागुद ऱ्हाऊ द्या. जाग्यावर आखून दावा. आमी आत हिंडून बघू, मग बोलू."

पाया खोदायच्या आधी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर रेघा मारतात, तशा मारून दाखवायच्या. एवढंच. मी त्या रात्री चाकणलाच राहिलो, अर्थात हॉटेलातल्या बाकावरच.

सकाळी हॉटेलवाल्यांनी फक्कीची पाटी धरली आणि मी दोरी लावून आखत गेलो. खालचा मजला कोपऱ्याच्या जागेवर आखला. वरचा मजला हवेत आखता येईना, म्हणून तो शेजारच्या मोकळ्या गाडीतळावर काढला. गॅलरी जिथे भिंतीबाहेर येणार होती तिथे, रस्त्यात आणि गल्लीत, तुटक रेघ मारली.

उन्हं वर यायच्या आत निम्मं गाव जमलं. इतका आनंदाचा दिवस माझ्या नोकरीत पुढे फार थोड्या वेळा आला. माणसं दारातूनच आत जायची. एक जण चुकून रेघ ओलांडून आला, तर त्याला चारचौघांनी "भित्तीतनं कुठं येतोस रं, डोकं फुटंल" म्हणून माघारी पाठवलं, आणि तोही मुकाट्याने दारातून आला. जिना जिथे काढला होता तिथे आले की लोक पाय उचलून चढत, आणि मग चालत गाडीतळावर म्हणजे वरच्या मजल्यावर जात. चावडीत व्याह्यांवरून बोलणी खाल्लेले ते पंच एका खोलीत जाऊन चक्क आडवे झाले, आणि पाय दाराबाहेर जातात अशी तक्रार करू लागले. मी मापं काढली, तर खोली बरोबर होती. ते तिरपे झोपले होते.

हॉटेलवाल्यांच्या बायकोने आधी भट्टी गाठली. भट्टीपाशी त्या उभ्या राहिल्या, पाठ वळवून पाहिलं, हात लांब करून पाहिला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, हितनं मला रस्ता दिसत न्हाई. एस. टी. आलेली कळायची कशी? भजी मोटार बघून सोडायची असत्यात, तिचा आवाज ऐकून न्हाई." मी तिथे खिडकी टाकली. म्हणजे फक्कीची रेघ पायाने पुसली. नंतर त्या गॅलरीत गेल्या, म्हणजे गाडीतळाच्या कडेला, आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. पाण्याला निघालेल्या दोन-तीन बायकांनाही त्यांनी बोलावून तिथे उभं केलं. जत्रेत गर्दीमुळे बायकांना देवाची काठी कधी धड दिसत नाही. इथून दिसेल, असं त्यांचं बोलणं चाललं होतं.

तेवढ्यात काठीचे मानकरी आले. चाकणच्या जत्रेत देवाची उंच काठी निघते. ती नाचवत नेण्याचा मान एका घराकडे आहे. त्या घरातले हे म्हातारे. त्यांनी हॉटेल पाहिलंच नाही. ते गल्लीतल्या त्या तुटक रेघेपाशी थांबले आणि ही रेघ कसली म्हणून विचारलं. मी सांगितलं, की वर गॅलरी येणार, ती इतकी बाहेर असेल. उंची किती, म्हणाले. मी सांगितली. ते तडक देवळाकडे गेले. देवळामागे मागच्या वर्षीच्या काठीचा उतरवलेला वेळू पडलेला होता, तो दोघांच्या खांद्यावर घेऊन आले.

काठी गॅलरीला अडणार, हे मला एव्हाना कळलं होतं. गल्लीची रुंदी, गटार, कांद्याच्या गाड्यांचं वळण हे सगळं मी मोजलं होतं. पण जत्रेच्या दिवशी मी चाकणात नव्हतो.

सरपंचांनी त्या तुटक रेघेवर लाकडी बल्ल्या उभ्या करून त्यांना गॅलरीच्या उंचीवर दोरी ताणायला लावली. मानकऱ्यांनी वेळू उभा केला. त्यांच्या वयाला तो झेपतोय का असं मला वाटलं, पण उभा केल्यावर ते वाकलेले दिसेनात. ते सरळ चालत आले. गल्लीत इतरत्र जागा होती. पण कोपऱ्यावर, जिथे रस्त्याकडे वळायचं, तिथे पलीकडे गटार असल्यामुळे काठीला हॉटेलाच्या अंगाने, आतूनच वळावं लागत होतं. वेळू दोरीला लागला आणि ते थांबले. काठी देवळाच्या पायरीशिवाय कुठे वाकत नाही, हे तिथल्या लहानथोरांना ठाऊक होतं.

आडवे झालेले पंच उठून बसले. हॉटेलवाल्यांनी फक्कीची पाटी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "साहेब, गॅलरी काढून टाका. सगळी काढा. परवानगी तेवढी मिळू द्या."

हे बायकांनी ऐकलं. हॉटेलवाल्यांच्या बायको गाडीतळावरून तशाच गल्लीत आल्या. मानकऱ्यांसमोर त्यांनी पदर नीट केला, पण आवाज बारीक केला नाही. "बाबा," त्या म्हणाल्या, "काठी सगळ्या गॅलरीतनं जाती का? ह्या कोपऱ्यातनंच जाती ना? मग कोपऱ्यात तिच्यापुरती वाट सोडा. बाकीची ऱ्हाऊ द्या."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी कोपऱ्यावरच्या त्या गोल वळणाकडे पाहिलं. तिथल्या तुळया मला सुटत नव्हत्या, आणि वळणच नसेल तर दोन सरळ गॅलऱ्या शेजारी शेजारी सहज उभ्या राहत होत्या. मी वाकून तळहाताने वळणाची रेघ पुसली आणि दोन्ही टोकांना कठड्याच्या रेघा मारल्या. मधे जी मोकळी जागा राहिली, तिच्यातून दोरी सोडवली.

मानकरी पुन्हा मागे गेले आणि चालत आले. वेळू त्या मोकळ्या जागेतून सरळ वर राहून वळला. पण ते अजून राजी नव्हते. त्यांनी विचारलं, "वरती बायामाणसं हुबी ऱ्हातील. काठीचा शेंडा त्यांच्या वर ऱ्हाईल का?"

मी हिशेब केला. गॅलरीची उंची, वर उभं माणूस, आणि त्याही वर भरपूर वेळू. "राहील, बाबा," मी म्हणालो. "हात वर केला तरी राहील."

"हात पोचंल का काठीला?" हा प्रश्न हॉटेलवाल्यांच्या बायकोचा होता.

मी म्हणालो, कठड्यावरून पोचेल. काठीच्या वरच्या भागाला गावातल्या कुठल्याच बाईचा हात आजवर पोचला नव्हता. आजवर हार खालीच बांधायचे. मानकऱ्यांनी वेळूचं बूड जमिनीला टेकवलं आणि वर शेंड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग पैला हार तुमच्या गॅलरीतनं बांधा."

सरपंचांनी तिथल्या तिथे होकार दिला. पंचांची सही व्हायची होती, पण कागद चावडीत होता आणि कुणालाच तिकडे जायचं नव्हतं. सगळे हॉटेलात बसले, म्हणजे फक्कीच्या रेघांच्या आत, उन्हात. पत्र्याखालून चहा आला. हॉटेलवाले कपबशा घेऊन दारातून ये-जा करत होते. घाईत एकदा भिंतीतून आले, तर बायकोनेच त्यांना परत पाठवलं. त्यांच्याकडे पाहून मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. माझ्या हाताला चुना लागलेला होता, म्हणून मी डोळे पुसले नाहीत.

तृतीयेच्या आधी पाया खोदला गेला. साहेबांनी दुरुस्त नकाशा पाहिला, कोपऱ्यावरच्या त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी सही केली आणि आता काम उभं राहीपर्यंत दर आठवड्याला तूच जात जा, असं सांगितलं.

पुढच्या जत्रेला मी गेलो. गर्दीत मला हॉटेलापर्यंत पोचता आलं नाही. लांबून ढोल ऐकू येत होता आणि घरांच्या वरून फक्त काठी दिसत होती. ती कोपऱ्यावर आली, थांबली, आणि सरळ उभी असतानाच तिच्या वरच्या अंगाला एक झेंडूचा हार चढताना दिसला.