उपरण्याखालचा भाव

कळंबच्या जनावरांच्या बाजारात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात धरत, बोटं दाबून आकडा ठरवत, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे. परक्या पुरुषाचा हात धरायचा म्हणून बाईमाणसाला त्यात जागाच नव्हती.

निजामाचं राज्य होतं. मी परकरी पोर. वडील गेले त्या वर्षी आईनं बैलजोडी विकायला काढली. चांगला भाव आला तर म्हैस घेऊन दुधावर घर चालवायचं, नाहीतर मला घेऊन मामाच्या दारात जायचं. आईच्या वतीनं चुलत्यांनी घेणाऱ्याच्या दलालाचा हात धरला. आमचे चुलते म्हणजे शेत खाणारं कुंपण. त्यांनी येऊन जो भाव सांगितला, त्यात म्हशीचं शेपूटही आलं नसतं. आईनं मान खाली घालून होकार दिला.

सौदा पक्का करायला पुन्हा हात उपरण्याखाली गेले, तेवढ्यात खाला आली. ती हबशीण, सगळा गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणे. लहानपणीच एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, बांदी म्हणून विकलेली, बेगम वारल्यावर सुटलेली. पेठेत तिचं दाव्या-कासऱ्यांचं दुकान होतं, बैलांचा व्यापारही करी, तोही तोंडानं भाव सांगून, आणि भलेभले तिला वचकून असत. तिनं सरळ उपरणं ओढून काढलं.

"माझाबी सौदा असाच झाकून झाला व्हता," ती म्हणाली. "कितीला गेले, मला अजून ठावं न्हाय. जोडी ह्या बाईची हाय. तिला ऐकू येऊ द्या."

दलालानं घसा खाकरून खरा भाव सांगितला. तो चुलत्यांच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. चुलत्यांना एकाएकी ऊन बाधलं, ते घरी गेले.

म्हैस आली. पहिल्या धारेचा तांब्या रोज खालाकडं जाई, आणि उरलेल्या दुधावर मी वाढले. त्या दुधाची चव अजून जिभेवर आहे.

पुढं मला स्थळ आलं. बैठकीत देण्याघेण्याचं बोलायला थोरली माणसं उठून आतल्या खोलीत निघाली, तशी आई दारात आडवी उभी राहिली.

"हितंच बोला," ती म्हणाली. "पोरीला ऐकू येऊ द्या."

खाला भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. पाहुण्यांनी मागण्या सांगितल्या, त्यात त्या एकीपासून वाढलेल्या आमच्या दावणीच्या म्हशीही होत्या. मी ऐकलं आणि नाही म्हणाले. खालाला कुणी कधी विचारलं नव्हतं. मला विचारलं गेलं, ते तिच्यामुळं.