घरटी एक माणूस

साकोलीच्या बसस्टँडवर बाबा मला सोडायला आले तेव्हा रडारड काही झाली नाही. सानगडीहून येताना लाखोळीच्या डाळीची थैली त्यांनी मांडीवर धरून ठेवली होती. ती खिडकीतून आत दिली आणि म्हणाले, "काम कोनाचंबी राहो, अर्धं टाकून येऊ नोको." मी पुण्याला निघालो होतो आणि मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू.

पुण्यात मोठ्या इमारती थंड ठेवणाऱ्या चिलरची पाइपलाइन बसवायचं काम मिळालं. पहिल्याच साइटवर शोभा करून घेतली. टेस्टसाठी लाइनीत पाणी भरायचं होतं. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आपण पाणी वरच्या अंगानं सोडतो, ते आपोआप खाली उतरतं. मीही वरूनच सोडलं. आमच्या गावातल्या कोणीही हेच केलं असतं. पाइपात हवा कोंडली आणि पंप खडखडायला लागला. पाणी खालून हळूहळू चढवायचं आणि हवा वरून काढायची असते, हे मला कोण सांगणार? सुपरवायझर म्हणाला, "ए किसान, इधर खेती मत कर." सगळे हसले. तेव्हापासून, गावाकडचा म्हणून ओळखू येऊ नये म्हणून, मी बोलण्यातलं 'मले-तुले' सोडलं. आता घरी फोनवरही 'मला-तुला'च तोंडात येतं आणि आई जपून बोलते, पाहुण्याशी बोलावं तशी.

यंदा भादव्यात गावच्या तलावाची पाळ, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, झिरपायला लागली. अशा वेळी घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन पाळीवर जातो. पाटील असो की मजूर, सूट नाही, कारण पाळ फुटली तर सगळ्यांचंच धान वाहून जातं. आमच्या घरून बाबा जायचे. आता त्यांचे गुडघे वाकत नाहीत. त्यांनी फोन केला, "येतं का, बापा? दोन दिवसाचं काम हाये."

इकडे दवाखान्याच्या चिलरची टेस्ट लागली होती. लाइनीत दाब भरून मी गेजचा काटा बघत बसलो होतो. काटा उतरला तर कुठला तरी जोड गळतोय, मग एकेक जोड तपासत फिरायचं. मी म्हणालो, "बाबा, काम अर्धं टाकून कसा येऊ? एखादा मजूर लावा."

"मजूर नाही चालत. घरचा पाह्यजे," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर मारलं होतं मी, आणि वर वाटलं, काय चोख उत्तर दिलं.

काटा हलला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, पाळ वाचली म्हणून. आपल्या घरून कोण गेलं, मी विचारलं.

"कोनीच नाही. तुहे बाबा निंगाले होते फावडं घेऊन. पन गाववाले म्हनले, तुमी बसा काकाजी, तुमचं घर आता सोडून देल्लं. तवापासून जेवले नाही थे."

सोडून दिलेली घरं मला लहानपणापासून ठाऊक आहेत. ज्या घरात कर्तं कोणी उरलं नाही, एखादी निराधार म्हातारी तेवढी राहते, तिथं गाव पाळीच्या कामाला हाक मारत नाही. दया येते लोकांना.

पुण्यात कोणी विचारलं तर अजूनही सांगतो, माझं घर सानगडीला. सांगताना मान खाली जाते. त्या घराचा मुलगा जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि तरी ते सोडून देण्यात गावाचं काहीच चुकलं नाही.