माझ्या माघारी ठरलेलं काम

"तुम्ही कशाला आलात?"

साहेबांनी विचारलं. मी मीटिंगच्या खोलीच्या दारातच थांबले. आत गार हवा, काचा, गोल टेबल. चिंचवडच्या आमच्या कारखान्यात नवी कॉम्प्युटर पद्धत बसवायची होती. कार्डं पंच करणाऱ्या, म्हणजे कॉम्प्युटरसाठी कार्डांवर भोकं पाडून नोंदी उतरवणाऱ्या, आमच्या खोलीतली एक बाई मीटिंगला हवी, असा निरोप आला होता. मुलींनी मला धाडलं. सगळ्यांत जुनी मीच.

"तुमच्या खोलीतल्या सुलभाताईंना बोलावलंय मी," साहेब म्हणाले. "त्यांना जरा शुद्ध बोलता येतं."

आतली माणसं हसली. मी दार लावून घेतलं.

सुलभाला मशीन मीच शिकवलं होतं. ती पुण्याच्या पेठेतली, मी दापोडीच्या बौद्ध वस्तीतली. काचेतून तिची मान हलताना दिसली. तिच्यापुढची कपबशीसुद्धा मला बघवेना. वाटलं, हिचं काहीतरी चुकावं. सगळ्यांदेखत चुकावं.

घरी भाकरी थापताना मी तिच्यासारखं बोलून बघायचे. पाणी. कोणी. आणि.

एकदा आई म्हणाली, "कुनाशी बोलतीस गं?"

मी भाकरी उलटली. आयुष्यात पहिल्यांदा आईच्या बोलण्याची लाज वाटली. साहेबांनी ती लाज पार आमच्या चुलीपर्यंत आणून सोडली होती.

नवी पद्धत आली. स्टोअरच्या चिठ्ठीवर आधी खात्याचा नंबर, मग मालाचा. कार्डावर नेमकं उलटं. डोळे दिवसभर वर-खाली. माना आखडल्या. चुका मात्र आमच्या नावावर.

कँटीनमध्ये मी सुलभाला गाठलं. "आत असून बोलली न्हाईस?"

"मला विचारलंच नाही गं. सगळं आधीच ठरलेलं. मी नुसती बसले."

तरीही मला तिचा हेवा वाटला. नुसतं बसायला का होईना, तिला बोलावलं होतं.

पुढच्या मीटिंगला साहेब तिला न्यायला आले. मी मागोमाग गेले. खुर्ची ओढून बसले.

"काय ठरलं ते तुम्हाला नंतर सांगू," साहेब म्हणाले.

"ठरायच्या आधी मला सांगायचंय. हात आमचे हायेत."

"बाहेर जा."

"न्हाई."

सुलभा टेबलाकडे बघत राहिली. साहेबांनी फायली उचलल्या, मीटिंग मोडली. मला मेमो मिळाला. उद्धट वर्तन.

माफी लिहून द्या म्हणाले. दिली नाही. त्या वर्षी बढती सुलभाला मिळाली. मी जळले. अजून जळते, आणि ते लपवत नाही. पण माझ्या हातांचं काम आता मी माझ्या माघारी ठरू देणार नाही. बाहेर काढतील. मी पुन्हा आत जाईन.