वरच्या माणसाचं नाव घेऊ नये

माझे दाजी कॅरोलिस सव्वीस वर्षं माडांच्या शेंड्यांना बांधलेल्या दोरांवरून चालले, आणि पडले ते स्टुलावरून. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं की लोकांना वाटतं, मेव्हणा आहे म्हणून टिंगल करतोय.

वैशाखाची पौर्णिमा होती. श्रीलंकेत, आमच्या वाद्दुव्याला त्या दिवशी घरोघरी कागदी कंदील लागतात. एमलिन अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, दाजींना म्हणाली, "जरा तेवढा कंदील वाश्याला अडकवता का?" दाजी स्टुलावर चढले. स्टूल दीड फुटाचं. कंदील अडकला, दाजी खाली आले, पण पायावर नाही आले. उजवा घोटा असा काही मोडला की कोलंबोच्या इस्पितळात त्यात पोलादी पट्टी घालावी लागली.

मग माणसं भेटायला यायला लागली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "कुठल्या माडावरून?"

"स्टुलावरून," अक्का सांगायची. तिला खोटं बोलता येत नाही. आमच्या खानदानाचा तो रोगच आहे.

"अगं, निदान उंचावरून तरी म्हण," दाजी खाटेवरून गयावया करायचे.

"बरं, उंचावरून," अक्का म्हणायची. "स्टुलाच्या."

आता आमचं काम कसं चालतं तेवढं सांगतो. माडी काढणारा सकाळी एकाच माडावर चढतो. त्या माडाच्या बुंध्याला नारळाची सोडणं बांधून पायऱ्या केलेल्या असतात. पुढे एका माडावरून दुसऱ्या माडावर काथ्याचे दोन दोर ताणलेले. एक पायाखाली, एक हातात. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा आणि चालू लागायचं. पोयीचा, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचा, काप काढायचा, तिला बांधलेल्या मडक्यातली माडी कमरेच्या भोपळ्यात ओतायची, भोपळा भरला की दोरीने खाली सोडायचा. खाली एक माणूस असतो, तो पिंपात ओततो. तो खालचा माणूस मी. सायमन माझं नाव. एकोणीस वर्षं मी दाजींचे तळवे बघत मान मोडून घेतली. गर्दीत तोंड चुकेल एखाद्या वेळी, तळवे मी हजारांत ओळखीन.

आणि एक नियम आहे. माणूस दोरावर असताना त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव ऐकलं की माणूस वळून बघतो, आणि चाळीस फुटांवर वळून बघायला आपण काही घुबड नाही. काही सांगायचं असेल तर माडाच्या बुंध्यावर दोनदा ठोकायचं. आणि चुकून कुणी नाव घेतलंच, तर तो दिवस बाद. खाली यायचं, पाय धुवायचे, दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत माडाला हात लावायचा नाही. एकदा नवा पोस्टमन आला आणि रस्त्यातून ओरडला, "कॅरोलिस पेरीस! सही!" दाजी खाली आले, पाय धुतले, घरी जाऊन झोपले. पत्र दुसऱ्याच कॅरोलिसचं होतं.

अक्काचा प्रश्न नव्हता. तिने लग्न झाल्यापासून दाजींचं नाव घेतलेलंच नव्हतं. आमच्यात बायका घेत नाहीत. सुनेत्रा झाल्यापासून ती "सुनेत्राचे बाबा" म्हणायची, त्याआधी "ऐकलंत का."

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चालाल. पण घोटा वळायचा नाही, आणि अंगठ्यात जीव यायचा नाही. झाडावर चढणं विसरा."

"झाडावर मी चढतो कुठे फारसा?" दाजी म्हणाले. "एकदा चढतो. बाकी सगळं चालणंच."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मग उगो मुदलाली, म्हणजे आमचा शेठ, आला. माडांचा कंत्राटदार तोच, माडी तोच भट्टीला घालायचा. आंबट केळ्यांचा एक फणा घेऊन आला, आणि त्यातली दोन स्वतःच खाल्ली. म्हणाला, "कॅरोलिस, माझा तुझ्यावर राग नाही. पण पोयी वाया चालल्यात. तीन आठवड्यांनी पौर्णिमा आहे. तोवर चढलास तर माड तुझे, नाहीतर विल्सनला देतो. आणि तुला उपाशी ठेवणार नाही मी. खाली उभा राहा. सायमनच्या जागी."

सायमनच्या जागी! मी तिथेच उभा होतो, त्याच्या हातात चहाचा पेला देत होतो. तो पेला मी साखर घालून आणला होता. उगाच घातली.

"खाली?" दाजी म्हणाले. "खाली काय करतात?"

एकोणीस वर्षांनी हा प्रश्न. बोला.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. म्हणजे विषय तोच, पण बोलायचं कुणी नाही. अक्का दाजींचा कोयता तांदळाच्या पिंपात लपवायची. दाजी तो शोधून काढून पुन्हा खुंटीला लावायचे. मग अक्का तो फणसामागे, मग कोंबड्यांच्या खुराड्यात. मी एकदा दाजींना म्हटलं, "दाजी, सोडा आता. बावन्न वर्षांचे झालात. पाय असा. लोक काही म्हणणार नाहीत."

"लोक म्हणतायत ना, स्टुलावरून पडला," ते म्हणाले. "मी आता सोडलं तर जन्मभर स्टुलावरून पडलेला राहीन. दोरावर जाऊन आलो, मग सोडलं, तर गोष्ट वेगळी."

"म्हणजे सोडणार?"

"मी कुठे म्हटलं सोडणार?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. आणि दाजींनी तर उभा जन्म सुंभच वळला.

त्यांनी परसात फणसापासून विहिरीच्या खांबापर्यंत दोर बांधला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि रोज त्यावरून चालायला लागले. आता ऐका. जमिनीवर हा माणूस लंगडायचा, अक्षरशः पाय ओढायचा. दोरावर चढला की लंगडणं गायब! सरळ, हलका, पहिल्यासारखा. मला तर रडूच आलं. मी अक्काला ओढत बाहेर आणलं, "बघ, बघ!"

अक्काने ओले हात पदराला पुसत पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "स्टूल याच उंचीचं होतं," आणि आत गेली.

पौर्णिमेच्या तीन दिवस आधी दाजी सकाळी कोयता कमरेला लावून निघाले. खुराड्यातून काढला होता, एक पीस चिकटलेलं होतं. अक्का विहिरीवर होती, तिला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "चल. पिंप घे."

"माडी काढायला?"

"बघून येतो."

ते सोडणांवरून चढले. हळू चढले, पण चढले. पहिला दोर पार केला, दुसरा केला. मी खालून तळवे बघत होतो. डावा तळवा दोराला धरत होता, पहिल्यासारखा. उजवा नुसता दोरावर ठेवलेला, वहाण ठेवावी तसा. तिसरा पार झाला, चौथा झाला. माझा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता.

पाचव्या आणि सहाव्या माडाच्या मध्ये गावचा रस्ता आहे. तो दोर सगळ्यांत लांब, मध्ये झोळ पडलेला. दाजी बरोबर मधोमध पोचले आणि त्यांनी खाली पायाकडे पाहिलं.

एकोणीस वर्षांत मी त्यांना पायाकडे बघताना पाहिलं नव्हतं. त्यांना बघावंच लागलं. अंगठा कळवतच नव्हता, दोर पायाखाली आहे की नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवर याची गरज पडली नव्हती, तिथे नजरेच्या कोपऱ्यात जमीन होती. इथे जमीन चाळीस फूट खाली, आणि जमिनीवर पावाची गाडी.

ते थांबले. पुढे जाईनात, मागे येईनात. पावाची गाडी थांबली. शाळेची पोरं थांबली. बँकेतली बाई छत्री मिटून उभी राहिली. कुणी बोलेना, आमच्या गावात नियम सगळ्यांना माहीत. मी पाचव्या माडावर दोनदा ठोकलं. पुन्हा ठोकलं. दोर हलायला लागला होता. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नाही, खोटं कशाला बोलू. आणि रागही आला. त्यांचाही, त्या स्टुलाचाही.

कुणीतरी सांगितलं असणार. अक्का आली. पळत नाही आली, चालत आली. हाताला नारळाचा कीस लागलेला. तिने एकदा वर पाहिलं. बुंध्यावर ठोकलं नाही. स्वयंपाकघरातून हाक मारावी तशी, आवाज जराही न चढवता म्हणाली,

"कॅरोलिस."

बँकेतल्या बाईने तोंडावर हात ठेवला.

दाजी वळले नाहीत. तसेच समोर बघत, चिडून ओरडले, "कुणी घेतलं रे नाव?"

"अक्काने!" मी म्हणालो.

"तिला येतं माझं नाव?" दाजींनी विचारलं.

"दिवस बाद झाला," अक्का म्हणाली. "या खाली. भात निवतोय."

दिवस बाद म्हटल्यावर प्रश्नच मिटला. पुढे जायचं की नाही हा विचारच उरला नाही, नियम म्हणजे नियम. दाजींनी वरचा दोर दोन्ही हातांनी धरला आणि उजवा पाय ओढत ओढत मागे पाचव्या माडापर्यंत आले. नशिबाने त्यालाही सोडणं होती. खाली उतरले, मी दिलेल्या डब्यातल्या पाण्याने पाय धुतले. गर्दीत मुदलाली पोचला होता. त्याला म्हणाले, "आजचा दिवस बाद. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजींनी कोयता कमरेला लावला. अक्का चुलीपाशी नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "कॅरोलिस."

नियम खरं तर दोरावरचा, पण दाजींनी कोयता काढून खुंटीला लावला. "काय बाई आहे," म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी पौर्णिमा झाली आणि माड विल्सनला गेले. विल्सनने दाजींचे दोर सोडून आपले बांधले, कारण दुसऱ्याच्या गाठीवर आमच्यात कुणी चालत नाही. पण त्याचे दोर वळून देतात दाजीच. विल्सनचेच नाही, पलीकडच्या गावातल्या तिघांचेही. मी विल्सनच्या खाली उभा असतो. त्याचे तळवे मला आवडत नाहीत, पण पोट काही तळवे बघत नाही.

दाजींना कुणी विचारलं, "धंदा सोडला का हो?" तर म्हणतात, "सोडला नाही. रोज दिवस बाद होतोय, काय करणार." सात वर्षं रोज बाद होतोय. रोज पहाटे कोयता कमरेला, रोज चुलीपाशी "कॅरोलिस," रोज कोयता खुंटीला. स्टुलाचं नाव आता गावात कुणी काढत नाही. बायकोने नाव घेतलं म्हणून उतरला, असंच म्हणतात, आणि ते दाजींना चालतं.

गेल्या महिन्यात सुनेत्रा बाळंत झाली आणि अक्का पंधरा दिवस तिच्याकडे गाल्लेला गेली. जाताना मला सांगून गेली, "दोन वेळचं जेवण नेऊन दे. मासळी तिखट करू नकोस. आणि पहाटे जाऊन नाव घे."

"मी? दाजींचं?"

"मग कोण, मुदलाली?"

मोठ्या माणसाचं नाव, तेही दाजींचं. जीभच उचलेना. पहिल्या दिवशी दारातून पुटपुटलो, ते म्हणाले, "ऐकू नाही आलं." मोठ्याने घ्यावं लागलं. सहा दिवस घेतलं. सातव्या दिवशी मला झोप लागली.

जागा झालो तेव्हा उन्हं आली होती. धावत गेलो. दार उघडं, खुंटीवर कोयता नाही. तसाच माडांकडे पळालो.

दाजी पहिल्या माडाखाली उभे होते. कमरेला कोयता, एक हात बुंध्यावर. पाय मात्र दोन्ही जमिनीवर. घामाने सदरा भिजला होता. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"कुठे मेला होतास?" ते माझ्यावर खेकसले.

"झोप लागली, दाजी."

"दाजी काय म्हणतोस! नाव घे लवकर. पाय दुखायला लागला माझा."

"कॅरोलिस," मी म्हणालो.

त्यांनी कोयता काढून माझ्या हातात दिला, माझ्या खांद्याला धरलं आणि आम्ही पाय धुवायला विहिरीकडे निघालो.